पूल फ्रीडायव्हिंगचा वेटसूट : दीड, दोन, तीन की पाच मिमी?

आधी निकाल. नाशिकमध्ये जलतरण तलावात फ्रीडायव्हिंग (एका श्वासावर पाण्याखाली राहण्याचा खेळ) करणाऱ्याने एकच वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घ्यायचा असेल, तर २ मिमीचा, एकसंध आणि बाहेरून गुळगुळीत रबराचा घ्यावा. सोबत ३ मिमीचं सुटं हूड, म्हणजे डोकं झाकणारी टोपी. स्टॅटिकवरच, म्हणजे पाण्यावर निश्चल पडून श्वास धरण्यावरच, भर असेल किंवा डिसेंबर-जानेवारीतही उघड्या तलावावरचा सराव सोडायचा नसेल, तर ३ मिमीचा दोन भागांचा सूट योग्य. १.५ मिमीचा सूट छान असतो, पण दुसरा म्हणून. आणि ५ मिमी केवळ तलावासाठी म्हणून विकत घेऊ नये, कितीही सवलतीत मिळाला तरी.

हे शेवटचं वाक्य पुष्कळांना खटकेल. नाशिकहून सुट्टीत मालवणला किंवा अंदमानला जाऊन कोर्स केलेली मंडळी परतताना 'जाड सूट म्हणजे चांगला सूट' हे गणित डोक्यात घेऊन येतात. समुद्रात त्या गणितात तथ्य आहे. तलावात ते उलटं पडतं, आणि का पडतं ते नीट समजून घेतलं तर पैसे वाचतात.

मिलिमीटरची किंमत शिशात

निओप्रीन म्हणजे रबराचा फेस. त्यात वायूचे असंख्य बारीक बंद बुडबुडे असतात. ऊब तेच देतात आणि अंग वर उचलायचं कामही तेच करतात. समुद्रात दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आवळतात, सूट पातळ होतो आणि ही उचल बरीचशी ओसरते. म्हणजे पहिल्या काही मीटरना जोर लावला की पुढे सूट आपोआप सोडून देतो. तलावात आपण पोहतो एक-दीड मीटरवर. तिथे वायू जेमतेम दहा टक्के आकसतो. काठावर सूट जेवढा फुगीर असतो, जवळपास तेवढाच तो पाण्याखाली राहतो. सगळी उचल पहिल्या भिंतीपासून शेवटपर्यंत अंगावर असते, आणि तिला मारायला शिशाखेरीज दुसरा उपाय नाही.

हिशोब तोंडी करता येतो. एक चौरस मीटर कापड आणि एक मिमी जाडी म्हणजे बरोबर एक लिटर. मध्यम बांध्याच्या माणसाच्या एकसंध सुटाला हूड सोडून साधारण दीड चौरस मीटर कापड लागतं. २ मिमी असेल तर तीन लिटर. मऊ निओप्रीनचं स्वतःचं वजन पाण्याच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकं धरलं, तर उरते सव्वादोन ते अडीच किलोची उचल. याच हिशोबाने १.५ मिमीची पावणेदोन किलो. दोन भागांच्या सुटात छातीपर्यंत येणारी पँट, तिच्यावर जॅकेट आणि वर जोडलेलं हूड असं कापड दुहेरी होतं, म्हणून क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आसपास जातं : ३ मिमीची उचल साडेचार किलो, ५ मिमीची सातच्या पुढे. अंगावर ताणल्यावर कापड थोडं पातळ होतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे यापेक्षा किंचित कमी भरतात.

शिसं पाण्यात आपलं नऊ टक्के वजन गमावतं. सात किलो उचल मारायला साडेसात किलोहून जास्त शिसं लागेल. एवढं शिसं मानेला आणि कमरेला बांधून पन्नास मीटर डायनॅमिक, म्हणजे एका श्वासात पाण्याखालून आडवं पोहणं, करून बघा. प्रत्येक वळणावर भिंतीवरून ढकलताना हे सगळं वस्तुमान पुन्हा वेगात आणावं लागतं. नो-फिन्समध्ये, म्हणजे पायांत फिन्स न घालता पोहताना, तर प्रत्येक हातमारीगणिक. शिवाय पाचच मिमी असले तरी ते छाती, मांड्या, दंड सगळ्यांच्या भोवती असतात. पाण्याला कापायचं आडवं क्षेत्रफळ वाढतं ते वेगळंच.

यात सुरक्षेचाही मुद्दा आहे आणि तो आमच्या मते वेगाहून मोठा. भरल्या छातीने ना वर जाईल ना बुडेल असं वजन बांधलेल्या माणसाची पाण्याखाली शुद्ध हरपली आणि त्याच्या छातीतली चार-पाच लिटर हवा निघून गेली, तर तो तेवढ्याच किलोंनी जड होऊन तळाला जातो. पातळ सूट घातला की अंगावर शिसं कमी बांधावं लागतं, त्यामुळे ओढून वर काढणाऱ्या बडीला, म्हणजे सरावातल्या जोडीदाराला, सोडायची बकलं कमी राहतात. सूट कुठलाही असो, श्वास रोखून करायचा सराव एकट्याने कधीच करायचा नाही. काठावरचा जीवरक्षक बडीच्या जागी चालत नाही. तो पन्नास डोकी बघत असतो.

नाशिकचं पाणी

पाणी माणसाच्या उघड्या अंगाला ना थंड ना गरम वाटतं ते ३३-३५ अंशांना, तेही स्वस्थ पडून राहिल्यावर. त्याखालचं प्रत्येक पाणी ऊब खेचत असतं, आणि हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने. स्पर्धेच्या तलावांसाठी पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २५ ते २८ अंश धरलेत, ते सतत हातपाय मारणाऱ्यांसाठी. स्टॅटिक करणारा उपडा पडून हलतच नाही. त्यामुळे २८ अंशांचं पाणी पोहणाऱ्याला आल्हाददायक वाटतं आणि स्टॅटिकवाल्याला तिसऱ्या प्रयत्नाला काकडवतं. थंडीने अंग कापायला लागलं की स्नायू ऑक्सिजन जाळू लागतात. मग श्वास किती वेळ धरता आला, याला काही अर्थ उरत नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. हिवाळ्यात रात्रीचा पारा कितीदा दहाच्या खाली उतरतो, हवा कोरडी असते, आणि न तापवलेला उघडा तलाव रात्रभर आकाशाला ऊब देत बसतो. मे महिन्यात तोच तलाव दुपारी कोमट होतो. एकाच शहरात, एकाच तलावात, वर्षात दहा अंशांहून अधिक फरक पडू शकतो. त्र्यंबक रोडचा सावरकर तलाव असो, कॉलनीतला असो की हॉटेलचा, सूट निवडण्याआधी पाणी मोजा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा साधा काचेचा थर्मामीटर दोऱ्याला बांधून एक मीटर खाली सोडायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि वर काढता काढता लगेच वाचायचा. पृष्ठभागावरचा आकडा फसवा असतो. ऊन पडलं की वरचा हातभर थर चटकन तापतो. मोजायचं तुमच्या बॅचच्या वेळी. सकाळी सहाचं पाणी आणि संध्याकाळी सहाचं पाणी एक नव्हे.

बॅचचाही विचार करा. सार्वजनिक तलावावर पाऊण तास ते तासाची बॅच मिळते. कपडे, शॉवर आणि वॉर्म-अप वजा जाता पाण्यात चाळीस मिनिटं. त्यात डायनॅमिकच करायचं असेल तर कमी जाडी पुरते. दोन तासांचा खासगी स्लॉट घेऊन आधी स्टॅटिक आणि मग डायनॅमिक करणाऱ्यांना जास्त लागते.

आमचा ढोबळ तक्ता असा. पाणी ३० च्या वर : डायनॅमिकला सूटच नको, स्टॅटिकला १.५ किंवा २. पाणी २७ ते ३० : डायनॅमिकला १.५ किंवा २, स्टॅटिकला २ आणि हूड. सडपातळ माणसाला ३. पाणी २४ ते २७ : डायनॅमिकला २ आणि हूड, स्टॅटिकला ३. पाणी २१ ते २४ : दोन्हीला ३, हूड सक्तीचं. त्याहून थंड पाण्यात मोठे प्रयत्न करूच नयेत. तंत्राचा छोटा सराव करून बाहेर यावं. अंगावर चरबी कमी असेल तर एक पायरी वर सरका. थंडी सोसणं ही मर्दुमकी समजून एक पायरी खाली मात्र सरकू नका.

एकेक जाडी

१.५ मिमी. हा सूट अंगावर आहे हे विसरायला होतं. खांदे मोकळे, छाती मोकळी, आणि पाण्यात शरीर सूट नसल्यासारखंच सरळ राहतं. मार्च ते जूनचा डायनॅमिकचा सराव आणि तापवलेला बंदिस्त तलाव, दोन्हीला उत्तम. दोष दोन. पहिला : इतकं पातळ रबर नखाने फाटतं, आणि फाटलेलं चिकटवायला कडेची जाडीच पुरेशी नसते. दुसरा : दोन प्रयत्नांच्या मधे काठाला टेकून विश्रांती घेताना याची ऊब भराभर संपते. एकटा हाच सूट असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी कपाटात राहील.

२ मिमी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ, पाण्यात मोठा. हूड घातलं तर २६-२७ अंशांत पाऊण तास निभतो, उचल अडीच किलोच्या आत राहते, आणि ती सगळी एका मान-वजनाने, म्हणजे मानेभोवती घालायच्या शिशाच्या पट्ट्याने, मारता येते. कमरेचा पट्टाच लागत नाही. आमच्या निवडीचं खरं कारण हेच. डायनॅमिकमध्ये भरलेली फुप्फुसं छाती वर ओढतात आणि पाय खाली जातात. वजन मानेपाशी ठेवलं की शरीर आडव्या रेषेत येतं. तेच वजन कमरेला बांधलं तर पाय आणखी खाली ओढले जातात. सुटाची उचल एवढीच असावी की मानेवरच्या वजनात भागेल, आणि ती मर्यादा बहुतेकांसाठी २ मिमीपाशी येऊन थांबते.

हिवाळ्यात याच सुटाच्या आत १.५ मिमीचं बिनबाह्यांचं बनियन घालता येतं. धडाला ऊब मिळते, खांदे मोकळे राहतात. फक्त लक्षात ठेवा, ही उचल नेमकी छातीवर वाढते. मान-वजनात अर्धा-पाऊण किलो भर घालावी लागेल.

३ मिमी. स्टॅटिकचा राजा. हूड जोडलेलं जॅकेट आणि छातीपर्यंतची पँट असेल तर धडावर कापड दुहेरी होऊन सहा मिमीची ऊब मिळते, हातपाय मात्र तीनचेच. उपडं पडल्यावर शरीर पाण्यावर सपाट पसरतं, पाय तळाकडे लोंबत नाहीत, कंबर ताणली जात नाही. स्टॅटिकमध्ये ही उचल फायद्याची आहे. तिला मारायचंच नसतं. डायनॅमिकला मात्र चार-पाच किलो शिसं लागतं. ते मान आणि कंबर यांत वाटावं लागतं, आणि वाटणी जमेपर्यंत चार-सहा सत्रं जातात. नो-फिन्सवाल्यांनी ३ मिमीची बाही खांद्यात तपासून घ्यावी : हात डोक्यावर सरळ ताणून कोपरं कानामागे नेताना जोर लावावा लागत असेल, तर प्रत्येक हातमारीला तोच जोर लागणार.

एक युक्ती इथे सांगण्यासारखी आहे. ज्यांचे पाय मुळात जड, म्हणजे मांड्या भरलेल्या आणि अंगकाठी सडसडीत, त्यांनी वर १.५ चं जॅकेट आणि खाली ३ ची पँट असं जोडून बघावं. उचल हवी तिथे मिळते आणि छातीवरची कमी होते. याच्या उलट जोडी, म्हणजे वर जाड आणि खाली उघडे पाय, तलावात सगळ्यात वाईट. छाती बोयासारखी वर आणि पाय नांगरासारखे खाली. उन्हाळ्यात 'नुसतं जॅकेट पुरे' म्हणणारे नेमकं हेच करतात.

५ मिमी. समुद्रासाठी घेतलेला घरात असेल तर थंड पाण्यात स्टॅटिकला जरूर वापरा. त्यापलीकडे तलावात त्याचं काम नाही. २८ अंशांच्या पाण्यात दहाव्या मिनिटाला अंग तापतं, नाडी वाढते, आणि श्वास रोखण्याला नाडी शांत लागते. एप्रिलच्या उन्हात काठावर ५ मिमी घालून बसणं तर धोक्याचंच. चक्कर येऊ शकते. कुठलाही सूट उन्हात घातला की पाच मिनिटांच्या आत पाण्यात उतरा, गळा ओढून थोडं पाणी आत घ्या.

कापड : आतून काय, बाहेरून काय

जाडी ठरली तरी निम्मंच काम झालं. बाहेरची बाजू दोन तऱ्हेची असते : नायलॉनचं अस्तर किंवा उघडं गुळगुळीत रबर. नायलॉन टिकाऊ, तलावाच्या खरबरीत काठावर घासलं तरी चालतं, नखं लागत नाहीत. पण ते पाणी धरून ठेवतं. जानेवारीच्या सकाळी काठावर बसलेल्या माणसाच्या पाठीवरचं नायलॉन बघा : त्यावरून पाणी निथळत राहतं, वारा लागला की वाळत जातं आणि वाळताना ऊब घेऊन जातं. माठातलं पाणी जसं गार होतं, तसाच आतला माणूस. गुळगुळीत रबरावर पाण्याचे थेंब होतात आणि ओघळून जातात. नाशिकच्या कोरड्या हवेत हा फरक जवळपास अर्ध्या मिलिमीटरच्या ऊबेइतका वाटतो. पाण्यातही ते कमी घासतं. ज्यांना नायलॉनचाच सूट परवडतो त्यांनी काठावर बसताना वरून साधा रेनकोट घालावा. स्वस्तातली आणि खात्रीची गोष्ट.

आतून ओपन सेल असेल, म्हणजे अस्तर नसलेलं उघडं रबर, तर ते कातडीला चिकटतं, आत पाणी फिरत नाही आणि सगळ्यात उबदार असतं. पण कोरडं चढत नाही. लिटरभर कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब घालून आत ओतायचं, चोळायचं, मग सरकवायचं. सार्वजनिक तलावात हा फेस पाण्यात गेला तर तलावाचा माणूस ओरडणारच, आणि त्याचं बरोबर आहे. शॉवरखाली सूट चढवा, गळ्यातून आणि पायांतून भरपूर पाणी सोडून फेस काढून टाका, मगच उतरा. रोज एवढी उठाठेव करायची नसेल तर आतून अस्तर असलेला घ्या. २ मिमीच्या एकसंध सुटाला आम्ही आतून अस्तर, बाहेरून गुळगुळीत हीच जोडी सुचवू. ३ मिमीच्या स्टॅटिक सुटाला आतून ओपन सेल.

रबराच्या दर्जात जपानच्या यामामोटो कंपनीचं ३९ क्रमांकाचं निओप्रीन फ्रीडायव्हिंगमध्ये नावाजलेलं आहे. मऊ, ताणलं जाणारं. पण मऊपणाला टिकाऊपणाची किंमत आहे, आणि आठवड्याला चार वेळा क्लोरीनमध्ये उतरणाऱ्याने ती आधीच मनाशी धरावी.

छापलेल्या जाडीवर डोळे झाकून विश्वास नको. अस्तराची जाडी कधी त्यात धरलेली असते. '३ मिमी' लिहिलेल्या दोन्ही बाजूंच्या अस्तराच्या सुटात खरा फेस त्याहून कमी असू शकतो. सातपूर-अंबडच्या कुठल्याही वर्कशॉपात जाडी मोजायचं व्हर्निअर सापडेल. हूडच्या किंवा बाहीच्या कापलेल्या कडेला त्याचे जबडे नुसते टेकवा, दाबू नका. फेस दबला की माप खोटं येतं.

मापाची परीक्षा

युरोपी मापाचे तयार सूट आपल्याकडे बहुतेकांना दोन ठिकाणी फसवतात : कमरेची खोळ आणि काख. पाठीच्या बाकापाशी मूठभर जागा राहते, तिथे आधी हवा साठते, मग पाणी. घरी आरशात हे कळत नाही. पाण्यात उभं राहून पुढे वाकलात की गळ्यातून 'बुड बुड' करत हवा सुटते; ती हवा कमरेतूनच आलेली असते. एकदा थोडी सुटली तर ठीक. दर प्रयत्नाला सुटत असेल तर सूट मोठा आहे आणि वजनाचा कुठलाही हिशोब टिकणार नाही, कारण दर खेपेला आतली हवा वेगळी.

छातीची परीक्षा टेपने. उघड्या अंगावर पूर्ण श्वास घेऊन छातीचा घेर मोजा, मग पूर्ण श्वास सोडून. फरक लिहून ठेवा. सूट घालून वरून तेच करा. फरक दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त घटला, तर सूट शेवटचा घोट अडवतो आहे. जाडी वाढते तसा हा अडथळा वाढतो. ५ मिमी न घेण्याचं हेही एक कारण.

आणि गळा. इथे तडजोड नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांपाशी दाब ओळखणारी जागा असते. तिथे सतत दाब पडला की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, डोकं हलकं वाटतं. गळ्याची कड, हूडची कड आणि वर मान-वजन असे तीन थर एकाच जागी येतात. सूट घालून दहा मिनिटं खुर्चीत बसा. गिळताना अडत असेल, कानशिलं ठणकत असतील, चेहरा तांबूस होत असेल, तर तो सूट परत करा. 'वापरून सैल होईल' असं विक्रेता म्हणतो ते खांद्याला लागू असेल, गळ्याला नाही.

हूडची एक छोटी गोष्ट. कानावर हवा अडकली तर तलावाच्या खोल बाजूला, तीन मीटरवरही, कान दुखतो. उतरण्याआधी हूडची कड ओढून कानापाशी पाणी जाऊ द्या. दर वेळी त्रास होत असेल तर कानाच्या जागी तापवलेल्या सुईने एकच बारीक भोक पाडा. हूड घालून चेहरा उघडाच ठेवायचा : अंग उबदार आणि चेहऱ्यावर गार पाणी, हे मिश्रण श्वास रोखायला पोषक आहे, कारण चेहऱ्याला गारवा लागला की नाडी आपोआप मंदावते.

वजन जुळवणं

सूट नवा असो वा जुना, हे केल्याखेरीज डायनॅमिकचा प्रयत्न करू नका. बडी शेजारी हवा.

आधी आतली हवा काढा : गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून कमरेपासून छातीकडे दोन्ही हातांनी सूट निपटत न्या. मान-वजन घाला. १.५ आणि २ मिमीला दीड किलोने सुरुवात करा, ३ मिमीला मानेवर अडीच आणि कमरेला एक. प्रयत्नाला घेता तेवढाच पूर्ण श्वास घ्या, कमी नको. भिंत ढकला, एक मीटर खोलीवर सरळ घसरत जा, हातपाय हलवू नका आणि वेग संपेपर्यंत थांबा. वर उचलले गेलात तर दोनशे ग्रॅम वाढवा. तळाकडे गेलात तर दोनशे कमी करा. डोकं खाली आणि पाय वर होत असतील तर मानेवरचं थोडं कमरेकडे न्या; पाय खाली जात असतील तर कमरेचं मानेकडे. बडीने बाजूने बघून सांगावं. आतल्या माणसाला आपण सरळ आहोत असंच वाटत असतं.

खोली बदलू नका. एक मीटरवर जुळलेलं वजन दोन मीटरवर जड वाटतं, कारण सूटही आवळतो आणि फुप्फुसंही. समुद्राच्या वजनांचा आकडा तर इथे आणूच नका : गोड्या पाण्यात सत्तर किलोचा माणूस समुद्राच्या मानाने पावणेदोन किलोंनी कमी तरंगतो.

मान-वजन घरी करता येतं. सायकलची जुनी ट्यूब, बारीक शिशाच्या गोळ्या, दोन्ही तोंडं दुमडून घट्ट बांधायची आणि वरून इलेक्ट्रिकची टेप दोन-तीन थर. पुढे एका झटक्यात सुटणारं बकल हवंच; गाठ मारलेलं मान-वजन कधीही वापरू नका. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. टेप कुठे फाटली, शिसं दिसू लागलं, तर त्या दिवशी ते पाण्यात नेऊ नका.

उसना सूट, चुकीचा सूट

नाशकात ट्रायथलॉन करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यांचा सूट उसना मिळणं सोपं. तो मात्र पाण्यावर पोहण्यासाठी बेतलेला असतो : नियमाने जास्तीत जास्त ५ मिमीपर्यंत, मांड्या-कंबर मुद्दाम जाड, दंड पातळ, सगळा भर वर उचलण्यावर. पाण्याखाली तो तुम्हाला पायांनी वर ओढतो आणि घोट्याला शिसं बांधायची वेळ आणतो. खांद्याचं कापड छान असतं, गुळगुळीतही असतो, म्हणून मोह होतो. स्टॅटिकला चालेल, डायनॅमिकला नको.

स्कूबाचा सूट दोन्ही बाजूंनी जाड नायलॉनचा, पाठीला चेन, मापाने ढगळ. त्या चेनमधून दर वळणाला पाठीवर गार पाणी शिरतं. ३ मिमी असूनही चांगल्या २ मिमीपेक्षा थंड.

तलावाच्या व्यवस्थापकाशी आधी बोला. कित्येक ठिकाणी 'फक्त नायलॉनचा कॉस्च्युम' असा नियम असतो आणि काळा रबरी सूट बघून सुरक्षारक्षक अडवतो. सूट धुतलेला आहे, आत शाम्पू नाही, शिशाला टेप आहे हे दाखवलं आणि शेवटची लेन मागितली तर बोलणं सोपं जातं. श्वास रोखून सराव करणार आहात हेही लपवू नका. जीवरक्षकाला माहीत असलंच पाहिजे.

धुणं, वाळवणं, सांधणं

क्लोरीन रबराला कडक करतं आणि त्याआधी शिवणीतलं ताणणारं सूत खातं. तलावातून आल्यावर अर्धा तास साध्या पाण्यात बुडवा. त्या बादलीत मत्स्यालयाच्या दुकानातल्या क्लोरीन मारण्याच्या औषधाचे काही थेंब टाकले तर वासही जातो. मुळात ते थायोसल्फेटच असतं. गरम पाणी नको, वॉशिंग मशीन नको, पिळायचा तर बिलकूल नाही. आतली बाजू बाहेर करून सावलीत, जाड दांडीवर कमरेत दुमडून टाका. बारीक हँगरवर खांदे ताणले जातात आणि तिथेच पातळ होतात. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत विसरलेला सूट एका दुपारीत चिकट होतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

गुळगुळीत रबराला पडलेली नखाची चीर त्याच दिवशी सांधा. वाट बघितली तर ती पुढच्या वेळी दुप्पट होते. कडा पूर्ण कोरड्या करा, निओप्रीनचा काळा गोंद दोन्ही कडांना काडीने पातळ लावा, पाच-दहा मिनिटं बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, दुसरा हात द्या, पुन्हा थांबा, मग कडा जुळवून चिमटीत दाबा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. दिवसभर ताणू नका. सूट चढवताना बोटांच्या पेरांनी सरकवा, चिमटीत धरून ओढू नका. नखं आदल्या रात्रीच कापा, त्याच सकाळी कापलेली धारदार असतात.

वर्ष-दीड वर्षाच्या वापराने फेस दबतो. २ मिमीचा सूट प्रत्यक्षात दोनचा राहत नाही, ऊब घटते, उचलही घटते, आणि मागच्या वर्षीचं मान-वजन यंदा जड होतं. दर हंगामाच्या सुरुवातीला, आणि वजन तीन-चार किलोंनी कमी-जास्त झालं की लगेच, ती एक मीटरवरची परीक्षा पुन्हा करा. मान-वजन करतानाच दोनशे-दोनशे ग्रॅमच्या चार छोट्या पुरचुंड्या वेगळ्या करून ठेवल्या, तर तलावावर दोन मिनिटांत जुळवता येतं.